शिंगांचं रान

नॉर्वेतल्या एका डोंगरावर रेनडिअरांना झिजवून मारणारा रोग लागला होता. औषध नव्हतं, पलीकडच्या डोंगरातले कळप वाचवायचे तर हा अख्खा कळप मारणं भाग होतं. त्याच कळपाच्या मांसावर वाढलेला आस्लाक लेकीशेजारी बर्फात बंदूक रोखून पडला होता. खिंडीतून कळप आला. शिंगांचं रानच चालत आलं. आस्लाक श्वास घ्यायचा विसरला. “यातलं आजारी कुठलं गं?” “दिसत नाही, बाबा. म्हणून तर सगळीच.” “थांब. आधी डोळे भरून बघू दे.” शेवटी त्यानं टोपी काढली आणि आघाडीच्या म्हाताऱ्या मादीवर गोळी झाडली. ती कोसळली. पण एकही जनावर पळालं नाही. सगळी तिच्याभोवती येऊन उभी राहिली. “पळत का नाहीत ही?” लेकीनं विचारलं. “घर त्यांचं आहे, पोरी. पळायचं तर आपणच,” म्हणत त्यानं दुसरी गोळी भरली.