पिस्तुलाचं तेलपाणी

बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने निवृत्त मास्तरांच्या पिस्तुलाची नळी पुसली, तेलाचा हात फिरवला आणि ते त्यांच्या हातात दिलं.

"घरात आम्ही दोघंच. हत्यार कसं, ऐनवेळी चाललं पाहिजे!" म्हणत मास्तर रिक्षा बघायला बाहेर पडले. त्यांची बायको मागेच रेंगाळली.

"भाऊ, सांगितलेलं केलंत ना?"

कारागिराने खण उघडून टाचणीएवढी पिन दाखवली. "काढली. आता घोडा ओढला तरी गोळी सुटायची नाही. पण वहिनी, चाळीस वर्षांत असं खोटं काम केलं नाही हो मी. उद्या खरंच चोर आला तर?"

"आला तर दागिने नेईल, भाऊ.


मुलगा गेल्यापासून हे रोज आतून कडी लावून पिस्तूल पुसत बसतात."