टॉवेलरावांचा पत्ता

"पडलोय. उठता येत नाही. दार आतून लावलंय, कुणीतरी फोडा."

दातवाल्याने हातातली मेणाची कवळी टेबलावर ठेवली आणि फोन जवळ ओढला. आलं एकदाचं वाक्य! टॉवेलरावांनी त्याला आठवडाभर ताटकळत ठेवलं होतं.

ती मालिका बंद पडून किती वर्षं लोटली होती, पण तिचे चाहते काही इंटरनेटवरचा आपला गट सोडायला तयार नव्हते. त्यांचा एक खेळ होता. कुणीही, कधीही, न सांगता मालिकेतलं एखादं वाक्य गटात टाकायचं. बाकीच्यांनी ते कुठल्या भागातलं, ते ओळखायचं. आणि उत्तर येईपर्यंत वाक्य टाकणाऱ्याने अळीमिळी गुपचिळी. एक अक्षर जरी लिहिलं तरी तो बाद.

मालिका होती भाड्याने खोल्या देणाऱ्या एका घराची. तिथला म्हातारा घरमालक म्हणजे नुसता नाटकी माणूस. भाडेकरूंनी जरा दुर्लक्ष केलं की हा कुठेतरी पडलाच. कधी जिन्यावर, कधी माळ्यावर. एका प्रसंगात त्याच्या खांद्यावरचा निळा टॉवेल बघता बघता हिरवा होतो, ही चूक पहिल्यांदा ज्या गृहस्थांनी पकडली, त्यांचं नाव पडलं टॉवेलराव. त्यांचा त्या घरमालकावर भारी जीव. "मेलो, मेलो, वकिलाला बोलवा", "छातीत कळ आलीय, आधी चहा टाका", असली वाक्यं टाकावीत तर त्यांनीच.

दातवाला कवळ्या बनवायचा, म्हणून दातवाला. एका खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे आता एक खाट आणि एक टीव्ही. बायको गेल्यापासून घरात दुसऱ्याचा आवाज नव्हता. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, कवळ्या जायच्या. आयुष्यभर त्याने लोकांना हसायला दात दिले, पण त्यातलं एकही तोंड हसताना पाहिलं नाही. दिवसभरात मनापासून गप्पा व्हायच्या त्या फक्त टॉवेलरावांशी, आणि त्याही टाइप करून. तेही एकटेच राहायचे.

"एकदा भेटू या की," तो कितीदा तरी म्हणाला होता.

"भेटून काय करायचं? दोन म्हातारे एकमेकांचं तोंड बघत बसणार," टॉवेलराव टोलवायचे. पण गेल्या आठवड्यात कसे कोण जाणे, पाघळले. "बरं, पैज. माझं पुढचं वाक्य ओळखलंस तर पत्ता देतो. ये चहाला. नाही ओळखलंस, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

म्हणून दातवाला हरखला होता. शर्टाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली त्याने. इतका उतावळा माणूस!

गटात पटापट उत्तरं आली. "माळ्यावरचा भाग." "नाही, पाहुणे येतात तो." ताई पंच होत्या. पूर्वी कानांनी ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्याखाली ह्या मालिकेचे संवाद उमटवायचं काम त्यांनीच केलं होतं. कुणी भाग सांगितला की त्या तेवढाच तपासायच्या. "चूक," त्यांनी लिहिलं. "तोही नाही."

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी नाद सोडला. दातवाल्याने नाही सोडला. त्याने पहिल्या भागापासून मालिका लावली. कवळी घासता घासता बघायचा, जेवताना बघायचा. घरमालक पडला की हातातलं काम ठेवून कान टवकारायचा. दर वेळी वाक्य भलतंच निघायचं.

"काय राव, मिशीतल्या मिशीत हसत असशील," त्याने टॉवेलरावांना वेगळं लिहिलं. "पण मीही चिवट आहे. चहाचं आधण ठेव."

उत्तर नाही. दातवाल्याला कौतुकच वाटलं. गडी नियमाचा पक्का.

बहिणीचा फोन आला. "दादा, अरे आवाज असा का ओढलेला तुझा? जेवतोस ना वेळेवर?"

त्याने पैजेचं सांगितलं.

"मग त्यांनाच फोन कर की सरळ."

"नंबर नाहीये माझ्याकडे. गटात नुसती टोपणनावं दिसतात."

"इतक्या वर्षांची मैत्री आणि नंबर नाही? कसला रे मित्र?"

ते त्याला लागलं. "तुला नाही कळायचं," म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मग बराच वेळ त्याला कामात लक्षच घालता येईना. तिचं काय चुकलं होतं? ह्या माणसाचा चेहरा आपल्याला माहीत नाही, खरं नावही माहीत नाही, आणि तरी ह्याच्याइतकं जवळचं आपल्याला कुणी नाही, हे त्याला त्या दिवशी फार जाणवलं.

तो पुन्हा मालिकेपुढे बसला. दोन दवाखान्यांची कामं रखडली, बोलणी खाल्ली. शेवटचा भाग संपला तेव्हा डोळे चुरचुरत होते. कुठेतरी डुलकी लागली असणार, तेवढ्यात ते वाक्य निसटलं असणार. दुसरं काय? पुन्हा सगळं बघायचं त्राण आता त्याच्यात नव्हतं.

"ताई," त्याने गटात लिहिलं, "मी हरलो."

"नक्की ना? एकदा हरलो म्हटलं की पैज गेली हं, दातवाले."

"गेली तर गेली. टॉवेलराव, जिंकलास बाबा. आता तरी बोल. तू बोलत नाहीस तर करमत नाही मला."

टॉवेलराव काही बोलले नाहीत.

"थांबा, ताईंनी भाग सांगितल्याशिवाय तो तोंड उघडणार नाही," दातवाल्याने लिहिलं. "सांगा ताई, कुठला भाग?"

ताईंना बराच वेळ लागला. मग त्यांचं उत्तर आलं.

"दातवाले, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे संवाद दोनदा तपासले. हे वाक्य आपल्या मालिकेत नाहीच आहे."