दुसरा खांब

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या होत्या. बास्केटबॉलचा उपांत्य सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. तेवढ्यात आमच्या कर्णधार मुलीने चेंडू हिसकावला आणि सवयीने आमच्याच बास्केटमध्ये टाकला. शहरातल्या मोठ्या शाळेच्या शेकडो मुली ओरडल्या, "थँक्यू, ताई!"

आमची साठ पटाची शाळा हरली.

"बाजू बदलतात, एवढंही कळत नाही?" मुख्याध्यापकाच्या जरबेने मी सर्वांदेखत विचारले.

"चुकलं, सर," ती मान खाली घालून म्हणाली. "आपल्याकडे एकाच बाजूला खेळतो ना. दुसरीकडे तुमची गाडी असते."

तिथला बास्केटचा खांब मीच काढायला लावला होता, गाडीला सावलीची शेड हवी म्हणून. ती मात्र खरोखरच क्षमा मागत होती. हातातली गाडीची किल्ली मी मुठीत लपवली.