पंधरवड्याचं इंजेक्शन

"सतरा तारखेचं इंजेक्शन घ्यायचं नाही, काका," शीतल म्हणाली. "वीसला ऑपरेशन आहे."

रामकिशननं वाकड्या झालेल्या बोटांनी काठी घट्ट धरली. "काहून?"

"तुमच्या आमवाताचं औषध आहे ते. अंगातली लढायची ताकदच दाबून ठेवतं, म्हणून सांधे शांत राहतात. पण त्यात गुडघा उघडला आणि जंतू शिरले, तर त्यांना अडवायला कोणी राहत नाही. पंधरवड्याचं हे इंजेक्शन चुकवायचं. आठवड्याच्या गोळ्या चालू ठेवायच्या. सगळं कागदावर लिहिलंय. इथं सही करा."

दाराशी फरशी पुसणाऱ्या सोजराबाईचा हात थांबला. हिंगोलीच्या या खाजगी दवाखान्यात लेक शीतल सिस्टर होती आणि ती स्वतः साफसफाईची मावशी. लेकीचा तिला नेहमी अभिमान वाटायचा. आज पहिल्यांदा राग आला.

हाच तो रामकिशन. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला लागून त्याचं शेत होतं आणि सोजराबाईचा नवरा जळबा तिथं सालदार होता. अकरा वर्षांपूर्वी जळबानं त्याला सांगितलं होतं, "मालक, मोटारीत करंट उतरून राहिला. वायरमनला बोलवा." रामकिशन म्हणाला होता, "तुमच्या लोकायला काम टाळायला बहाणाच लागतो." तासाभरानं जळबाला पाण्यातून बाहेर काढलं. पंचनाम्यात अपघात लिहिला गेला. रामकिशन मातीलासुद्धा आला नव्हता.

दुपारी डबा उघडताना सोजराबाईनं विषय काढलाच.

"त्याला येवढं फोडून सांगायची काय गरज व्हती?"

"सांगावं लागतं, माय."

"आन् तुझ्या बाचं काय?"

शीतलनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. मग म्हणाली, "जेव तू."

सोजराबाईला जेवण गेलं नाही. अकरा वर्षं ती त्या माणसाचं वाईट चिंतत आली होती. तो असा आपल्या पायांनी चालत समोर येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि पोटची पोर त्याला काका म्हणून सांभाळत होती.

डबा धुऊन ती व्हरांडा पुसायला गेली. रामकिशन जीपमध्ये बसला होता, त्याचा मुलगा बालाजी दार धरून उभा होता. पुसणाऱ्या बाईकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"जळबाची पोरगी डाव साधून राहिली," रामकिशन म्हणाला. "तिला ठावं हाय, इंजेक्शन चुकलं की मला घासबी उचलत न्हाई. बापाचा सूड काढायलीय. वारंगा फाट्यावरच्या मेडिकलातून आणून ठेव. सतराला घेऊ."

"डॉक्टरला इचारून घेऊ का, बापू?"

"काई इचारायचं न्हाई. तिनं सांगितलं म्हंजी उलटंच असंल."

जीप निघून गेली. सोजराबाई पिळलेलं फडकं हातात धरून उभी राहिली. आत जाऊन शीतलला एक शब्द सांगितला असता, तर ऑपरेशन पुढं गेलं असतं. तिनं फडकं बादलीत बुडवलं आणि व्हरांडा पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतला.

वीस तारखेला सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शन घेतलं नाही ना?"

"न्हाई," रामकिशन म्हणाला.

सोजराबाई खाटेखालची बेडपॅन काढत होती. तिनं मान वर केली नाही.

आठव्या दिवशी गुडघा लाल झाला. दहाव्या दिवशी टाक्यांतून पू आला, ताप उतरेना. बसवलेला नवा सांधा काढून टाकावा लागला. तेव्हा बालाजीनं डॉक्टरांपुढं रडत सगळं कबूल केलं. दवाखान्यातली दुसरी सिस्टर आकांक्षा रामकिशनच्या भावकीतली, लहानपणापासून त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. ती खाटेशी येऊन म्हणाली, "मोठेबापू, एक डाव मला तरी इचारायचं." रामकिशननं डोळे मिटून घेतले. जहर रक्तात पसरलं होतं. त्याला नांदेडला हलवलं, आणि बाविसाव्या दिवशी तो गेल्याची बातमी आली.

शीतलला कोणी बोल लावला नाही. सहीचा कागद होताच. उलट डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, बापाच्या मरणाचं दुःख बाजूला ठेवून या पोरीनं आपलं काम चोख केलं.

ते ऐकल्यापासून सोजराबाईचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिला वाटलं होतं, तो मेला की आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल. उतरलाही होता. पण लेक एवढी निर्मळ, आणि तिच्यापासून आपण हे लपवून ठेवलं, हे तिला खाऊ लागलं.

रविवारी दोघी अंगणात बसल्या होत्या. शीतल तांदूळ निवडत होती.

"मला ठावं व्हतं," सोजराबाई एकदम म्हणाली. "तो इंजेक्शन घेनार हाय, हे मी माझ्या कानानं ऐकलं व्हतं. तुला सांगितलं न्हाई. त्याला मी मारलं, पोरी. तू त्याला वाचवाया गेली आन् मी गप बसले."

शीतलची बोटं तांदळात फिरत राहिली. एक खडा सापडला, तो तिनं बाजूला टाकला.

"माय, त्याला समजावून सांगायचं काम डॉक्टरांनी आकांक्षाला दिलं होतं," ती म्हणाली. "तिचं त्यानं ऐकलं असतं. मी मागून घेतलं."