बिनमेणाचा पिकअप

रवी गावंडेनं गिटारीची पेटी काउंटरवर जवळजवळ आपटलीच.

"पिकअप बदलायचे हायेत. दोन्ही."

देवीलाल राठोडनं हातातल्या अँप्लिफायरवरून मान वर केली नाही. "यवतमाळात दुकानं संपली काय?"

"गिटारीचं वायरिंग समजणारा कोणी असता, तर तुया पायरीवर पाय ठेवला नसता."

बारा वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलत होते. एके काळी दोघांचा मिळून ऑर्केस्ट्रा होता. रवी कीबोर्डवर, देवीलाल गिटारवर. उमरखेडच्या एका कार्यक्रमात भर गाण्यात रवीनं देवीलालच्या गिटारीचा आवाज बंद करायला लावला आणि माईकवरून म्हणाला, "आमच्या गिटारवाल्याचा सूर आज सुटीवर गेला." अख्खं मैदान हसलं. त्यानंतर देवीलालनं गिटार हातात धरली नाही. स्वतःची विकून टाकली, पुसदला दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि घरात गिटारीचं नाव काढायचं नाही असं बजावून ठेवलं. रवी कीबोर्ड सोडून यवतमाळात गिटारीचे क्लास घेऊ लागला, नावाजला. ते नाव कानावर पडलं की देवीलालचं जेवण कडू व्हायचं.

त्यानं पेटी उघडली. काळी इलेक्ट्रिक गिटार होती, वजनाला हलकी, पुसून लख्ख ठेवलेली; तारांखाली दोन पिकअप, तारांची थरथर पकडून स्पीकरला देणारी चुंबकं.

"कसा आवाज पाहिजे?"

"दोन्ही. डिस्टॉर्शनवर भिंत उभी राहिली पाहिजे. आन त्याच गाण्यात मधी क्लीन तुकडा हाये, तिथं एकेक तार वेगळी ऐकू आली पाहिजे. रविवारी वाजवायची हाये, मोठ्या हॉलमधी."

देवीलालला उत्तर पाठ होतं. ब्रिजला, खालच्या टोकाला, दोन कॉइलचा, मेणात बुडवून घट्ट केलेला पिकअप लावायचा, म्हणजे डिस्टॉर्शनचा फाटका, खरखरीत आवाज कितीही चढवला तरी तो बेकाबू होत नाही. नेकला, मानेकडच्या बाजूला, सौम्य चुंबकाचा, म्हणजे क्लीन आवाज पाण्यासारखा नितळ राहतो. अशी एक जोडी त्याच्या वरच्या खणात होती.

त्यानं खालचा खण उघडला.

"ब्रिजले हा टाक," तो म्हणाला. "वेढे जास्त हायेत याले. आन नेकलेही तगडाच घे."

ब्रिजच्या त्या पिकअपमध्ये मेण नव्हतं. दुकानातल्या बारक्या आवाजात ते कळत नाही. मोठ्या स्पीकरसमोर डिस्टॉर्शन चढवलं, की आतली गुंडाळलेली तार थरथरायला लागते आणि अशी शिट्टी सुटते की माणसं कानावर हात ठेवतात. नेकचा इतका तगडा की क्लीन तुकड्याचा चिखल व्हावा.

रवीनं नेकचा पिकअप उलटापालटा केला. "इतका गरम, इतका तगडा कायले? क्लीन आवाज फाटंल यानं."

"मंग तूच जोडून घे."

रवीच्या जबड्याची शीर हलली. "मले पटून नाही राह्यलं, देवीलाल. पण देवीलाल म्हणंल तेच टाकायचं, असा हट्ट हाये."

"कोणाचा हट्ट?"

"तुले काय करायचं? तू काम कर."

बोलणं दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायची ही रवीची जुनीच खोड. देवीलाल मनात हसला आणि त्यानं तारा सैल केल्या.

सोल्डरिंगची गन तापत असताना फोन वाजला. बबिता. त्याची एकुलती एक पोरगी, यवतमाळच्या होस्टेलवर राहून बीएस्सी करत होती. रोज या वेळेला तिचा फोन यायचा आणि अर्धा तास संपायचा नाही.

"जेवले का बापू? काय करून राह्यले?"

"काम करून राह्यलो."

"करा मंग. मी ठेवते," म्हणून तिनं लगेच फोन ठेवलाही.

देवीलालनं एकेक जोड चकचकीत केला. कामात खोट काढायला त्यानं जागा ठेवली नाही. रवीनं छोट्या अँपवर गिटार वाजवून पाहिली. शिट्टी आली नाही. नेकवर आवाज थोडा जड वाटला, तसा त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि गिटार पेटीत ठेवली. जाताना त्यानं एक पत्रिका काउंटरवर टाकली.

"रविवारी अकराले. माही इच्छा नाही, पण तुले द्यायला लावली."

तो बाहेर पडताच देवीलालनं पत्रिका न उघडता भंगाराच्या डब्यात भिरकावली. पाहिजे होतं तेवढं त्याला समजलं होतं.

रविवारी तो सकाळच्या एसटीनं यवतमाळला गेला. हॉल गच्च भरला होता. तो मुद्दाम मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. कितीतरी वर्षांनी त्याला इतकं हलकं वाटत होतं. स्टेजवरचे स्पीकर माणसाच्या उंचीचे होते. ते पाहून त्याचं आणखीच समाधान झालं. रवीच्या क्लासची पोरं एकामागून एक वाजवून गेली. शेवटच्या गाण्याला ढोलकीवाला, बासवाला येऊन बसले. मधली जागा रिकामी होती.

रवी आला. रिकाम्या हातांनी. त्यानं माईक घेतला.

"आता जे वाजवणार हाये, तशी बोटं मी आयुष्यात दोनदाच पाहिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माह्या पोटात दुखलं, आन मी भर मैदानात त्या माणसाचा आवाज बंद केला. सूर त्याचा नव्हता चुकला." त्यानं मधल्या रिकाम्या जागेकडे हात केला. "आज त्याच्याच हातचे पिकअप हायेत. मी सांगून पाहिलं, ऐकलं नाही. म्हणे, माह्या बापूनं निवडले तेच राहतील."

काळी गिटार गळ्यात अडकवून बबिता उजेडात आली, आणि तिनं डिस्टॉर्शनच्या पेडलवर पाय ठेवला.