बोटीवरचा डबा

पोहता न येणारा नवरा बोटीवर बसून राहिला आणि बायको स्कूबा गाइडचा हात धरून समुद्राच्या तळाशी फिरून आली. पाणी नितळ होतं, वरून सगळं दिसत होतं, हीच अडचण होती. वर आल्यावरही तिचं गाइडपुराण संपेना. "अहो, त्याला चांगली टिप द्या." नवऱ्याने गाइडच्या डोळ्यांदेखत पाकिटातल्या सगळ्या नोटा बोटवाल्याच्या मुठीत कोंबल्या. "हे फक्त तुमचं. वर बसून काळजी करणाऱ्याला कोणी विचारत नाही." बोटवाल्याने मान डोलावली आणि नोटा सुकाणूजवळच्या डब्यात टाकल्या. "आमच्यात सगळ्यांचं याच डब्यात जातं, साहेब. वाटणी गाइडच करतो." बायकोने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. गाइडने पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला. "पुढच्या वेळी तुम्हीही उतरा, काका. मी शेवटपर्यंत हात सोडत नाही." "हो," नवरा म्हणाला, "ते वरून दिसलं."