बाकावरची दाटी

माजी मंत्र्यांच्या खटल्याला एकोणीस वर्षं झाली. दर तारखेला कोर्टाच्या दारात उभं राहून साक्षीदारांची नावं मीच पुकारतो, प्रत्येकाचं तीनदा. नऊच्या नऊ साक्षीदार वाट बघून वारले. पण यादीतून नावं काढायचा हुकूम काही निघाला नाही.

एकेकाचं नाव पुकारून झालं की व्हरांड्यातला रिकामा बाक करकरतो, कुणी उठावं तसा. दर तारखेला नऊदा.

"लाकूड जुनं झालंय रे," कारकून म्हणतो.

आज मंत्रीसाहेब पहिल्यांदाच स्वतः आले. वकील आत गेले आणि साहेब त्या बाकावर टेकले, अगदी कडेला, अंग चोरून.

"साहेब, नीट बसा की. अख्खा बाक मोकळाय."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आधी यांना जरा सरकायला सांग."